लाइव्ह अल्बमला कोणती फुटपट्टी लावायची?

रॉक संगीताचे लाइव्ह अल्बम आणि त्यांच्याविषयी चाहते जी मतं देतात ती मतं, हा आजचा विषय आहे. लाइव्ह अल्बम म्हणजे काय, बँडमध्ये कोण काय वाजवतं, यात वेळ घालवत नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे. हाती असलेल्या मोजक्या मिनिटांत मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती निसटू नये म्हणून मी ती पुन्हा पुन्हा सांगणार आहे. लाइव्ह अल्बम ऐकून झाल्यावर आपल्याकडची पहिली दाद कोणती असते? "अगदी रेकॉर्डसारखं वाजवलंय!" आणि पहिली तक्रार? "रेकॉर्डसारखी मजा नाही." दाद आणि तक्रार, दोन्ही एकाच फुटपट्टीने मोजलेल्या. माझं म्हणणं असं की ही फुटपट्टीच चुकीची आहे. त्या संध्याकाळी तिथे जे घडलं ते या ध्वनिमुद्रणात ऐकू येतं का, हा पहिला प्रश्न. बाकीचे प्रश्न त्याच्या मागून.

उदाहरण आपल्या राज्यातलंच घेऊ. 1 फेब्रुवारी 2008 रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आयर्न मेडन या बँडचा कार्यक्रम झाला. आदल्या वर्षी, मार्च 2007 मध्ये, ते बंगळूरला येऊन गेले होते. पण 2008 च्या जगदौऱ्याचा नारळ फुटला तो मुंबईत. एक बोईंग 757 विमान, त्यातच बँड, त्यातच कर्मचारी, त्यातच सामान, आणि वैमानिकाच्या जागेवर खुद्द गायक ब्रूस डिकिन्सन. 45 दिवसांत 23 कार्यक्रम, सुमारे 80 हजार किलोमीटरचा प्रवास. सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडियन यांनी या प्रवासावर 'फ्लाइट 666' हा चित्रपट केला आणि 2009 मध्ये त्याच नावाचा लाइव्ह अल्बम निघाला. सोळा गाणी, सोळा शहरं. सुरुवातीला चर्चिलच्या भाषणाची ध्वनिफीत, मग 'एसेस हाय', आणि त्या पहिल्या गाण्यापुढे गाव छापलंय मुंबई. त्यानंतर मेलबर्न, सिडनी, टोकियो करत करत शेवटचं गाणं टोरांटोचं. नाशिकहून कसारा घाट उतरून त्या रात्री जे कुणी गेले असतील, त्यांचा आवाज जगभर विकल्या गेलेल्या या अल्बमवर आहे. या घटनेचं मोल आपल्याकडे फारसं कुणी ओळखलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता चाहत्यांची तक्रार ऐका. ते म्हणतात, हा एका कार्यक्रमाचा अल्बमच नाही. एक गाणं इथलं, एक तिथलं. सोळा गर्दींचे सोळा तुकडे जोडले, याला लाइव्ह कसं म्हणायचं? तक्रार बिनबुडाची नाही, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवं. आपल्या घरातली गोधडी आठवा. वरच्या थराला आजीच्या नऊवारीचा एक तुकडा, आजोबांच्या धोतराचा एक, कुणाच्या परकराचा एक. गोधडीकडे बघून कुणी म्हणत नाही की हा शालू नीट विणलेला नाही. तुकडे कुठून आले ते डोळ्यांना दिसतं, टाकेही दिसतात, आणि सगळ्या थरांतून एकच दोरा फिरलेला असतो. 'फ्लाइट 666'मध्ये हा दोरा कोणता? गाण्यांचा क्रम. त्या दौऱ्यात गाणी ज्या क्रमाने वाजत होती, तोच क्रम अल्बममध्ये ठेवलाय. मुंबईकरांनी पहिलं ऐकलं ते पहिलं, आणि शेवटचं ते शेवटचं. म्हणजे तुकडे सोळा रात्रींचे, पण बांधणी एका रात्रीची. आणि प्रत्येक तुकड्यावर त्याच्या गावाचं नाव आहे. जोड लपवलेला नाही, मग फसवणूक कुठे झाली?

शिवाय एकाच रात्रीचा आग्रह धरणारे ज्यांच्यापुढे हात जोडतात, ते अल्बम तरी कसे झाले? डीप पर्पलचा 'मेड इन जपान' घ्या. लाइव्ह अल्बमचा आदर्श म्हणून त्याचं नाव हमखास येतं. त्याचं ध्वनिमुद्रण ऑगस्ट 1972 मध्ये 15, 16 आणि 17 तारखेला झालं. दोन रात्री ओसाकात, एक टोकियोत. त्यातून निवडलेली सात गाणी दोन तबकड्यांवर आली. मेडनचाच 1985 चा 'लाइव्ह आफ्टर डेथ' घ्या. चाहते शपथ घेतात ती याच अल्बमची. तबकडीच्या तीन बाजू कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या आणि चौथी बाजू लंडनच्या हॅमरस्मिथ ओडिअनची. याही गोधड्याच. उबदार आहेत म्हणून त्यांचे जोड आपल्याला खुपत नाहीत, आणि नव्या अल्बमचे मात्र बोचतात, हा न्याय सरळ नाही.

पण एक भेद मी करणार आहे आणि तो कृपा करून लक्षात ठेवा. दोन रात्रींचे तुकडे जोडणं वेगळं, आणि कार्यक्रमानंतर स्टुडिओत बसून नवं वाजवून ते त्या रात्रीचं म्हणून खपवणं वेगळं. थिन लिझीचा 1978 चा 'लाइव्ह अँड डेंजरस' यावरून गाजला. त्याचे निर्माते टोनी व्हिस्कॉन्टी यांनी पुढे सांगितलं की त्यातला बराच मोठा भाग नंतर स्टुडिओत भरलेला आहे. बँडच्या बाजूने हे नाकारलं गेलं. चाहत्यांत याचे दोन तट अजून आहेत. एक तट म्हणतो, कानाला गोड लागतंय ना, मग कुठे वाजवलं याच्याशी काय कर्तव्य? माझं उत्तर असं: गोड लागत असेल तर जरूर ऐका, मीही तो अल्बम टाकाऊ म्हणत नाही. पण जुन्या लुगड्याचा तुकडा म्हणून नवं कापड शिवलं, तर ती गोधडी ऊब देईल, आजीची आठवण कशी देईल? उलट उदाहरण 'द हू' या बँडचं. 14 फेब्रुवारी 1970 रोजी लीड्स विद्यापीठात त्यांनी जो कार्यक्रम केला, त्यावरून 'लाइव्ह ॲट लीड्स' निघाला. तंत्राच्या दोषामुळे ध्वनिमुद्रणात चरचर आली होती. त्यांनी काय केलं? ही चरचर आहे तशीच राहू द्या, दुरुस्त करू नका, अशी सूचना तबकडीच्या लेबलवरच छापली. मूळ तबकडीवर त्या रात्रीची सहाच गाणी होती. चाहत्यांची भूक तेवढ्यावर भागली नाही. पुढे 1995 आणि 2001 मध्ये वाढीव आवृत्त्या काढाव्या लागल्या. संपूर्ण रात्र हवी, असं म्हणणारा ऐकणारा जगात आहे, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

दुसरी तक्रार आवाजाची. "डिकिन्सनचा आवाज आता पूर्वीसारखा राहिला नाही." ही तक्रार करणाऱ्यांनी एक तपासणी करून पाहावी. 'लाइव्ह आफ्टर डेथ' आणि 'फ्लाइट 666' या दोन्हींत दहा गाणी समान आहेत, आणि दोन्हींची सुरुवातही तीच आहे: चर्चिलचं भाषण, त्याला लागून 'एसेस हाय'. लाँग बीच, मार्च 1985, गायकाचं वय 26. मुंबई, फेब्रुवारी 2008, गायकाचं वय 49. लाँग बीचला दोन गिटार होत्या. मुंबईत डेव्ह मरे, एड्रियन स्मिथ आणि यानिक गर्स अशा तीन. 'एसेस हाय'चं ध्रुपद गायकाला अगदी वरच्या पट्टीत नेतं आणि तिथे बराच वेळ उभं करतं. तरुण गळा तिथे झेप घेऊन पोचतो. पन्नाशीला टेकलेल्या गळ्याला तिथे जाण्यासाठी दम राखावा लागतो, शब्द वेगळ्या ठिकाणी तोडावा लागतो. हे दोन्ही प्रयत्न कानाला वेगवेगळे कळतात. आणि कार्यक्रमातलं हे पहिलंच गाणं. तापायलाही सवड नाही! आता सांगा, स्टुडिओची रेकॉर्ड समोर ठेवून "कमी पडला" असा शेरा मारणं बरोबर, की त्या रात्री त्या गळ्याने काय कमावलं ते ऐकणं बरोबर?

इथे कुणी विचारेल, मग बेसूर झालं तरी वाहवा म्हणायचं का? मुळीच नाही. बेसूर ते बेसूरच, आणि आळसाने वाजवलेलं आळशीच. कष्टाने आलेली खर आणि बेफिकिरीने सुटलेला सूर यांतला फरक मराठी श्रोत्याला कुणी शिकवायची गरज नाही. मैफलीत बसून, मैफलींची ध्वनिमुद्रणं ऐकून आपला कान तयार झालेला आहे. नाशिकमध्ये जन्मलेले खयालगायक द. वि. पलुस्कर 1955 साली अवघ्या 34 व्या वर्षी गेले. त्यांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या नेटक्या आहेत, घोटीव आहेत. पण त्यांच्या दीर्घ गायनाची जी ध्वनिमुद्रणं मागे राहिली, ती ऐकताना "तबकडीसारखं का गायले नाहीत" असं आपण म्हणतो का? तिथे आपण राग कसा उलगडला ते ऐकतो, समेवर आलेली दाद ऐकतो. खयालाच्या बाबतीत जी समज आपण सहज दाखवतो, ती रॉकच्या बाबतीत का बाजूला ठेवतो? हे मी थोडं रागावूनच विचारते आहे, कारण रॉक ऐकणारा तरुण श्रोता बेपर्वा नाही. त्याला गिटारचा प्रत्येक तुकडा तोंडपाठ असतो. पाठ असतो म्हणूनच तो मूळ रेकॉर्डला चिकटून राहतो.

तिसरी तक्रार गर्दीची: लोकांचा गोंगाट फार आहे, गाणं नीट ऐकू येत नाही. काही अल्बमांत ती खरीही असते. मिश्रण करणाऱ्याने टाळ्या हव्या तिथे वाढवलेल्या असतात, आणि ते ओळखू येतं. पण 'फ्लाइट 666'मधलं ब्युनोस आयर्सचं 'फिअर ऑफ द डार्क' ऐका. सुरुवातीला गिटारवर जी संथ धून आहे, ती प्रेक्षक गातात. शब्द नव्हेत, गिटारची धून! 1992 च्या मूळ रेकॉर्डवर ही धून फक्त वाद्यांची आहे. प्रेक्षकांनी देशोदेशी गाऊन गाऊन तिला गळ्यांची जोड दिली. 2001 मध्ये मुद्रित झालेल्या 'रॉक इन रिओ'मध्येही हेच ऐकू येतं. म्हणजे स्टुडिओत नसलेला एक भाग या गाण्याला लोकांनी दिला आहे, आणि तो लाइव्ह मुद्रणांशिवाय दुसरीकडे कुठेही नोंदलेला नाही. त्याला गोंगाट म्हणणं म्हणजे सहगायकांना सभागृहाबाहेर काढण्यासारखं आहे. म्हणून पुन्हा सांगते: रेकॉर्डसारखं आहे का, हे विचारू नका. तिथे काय घडलं, हे विचारा.

राहिली पैशाची तक्रार. बँड दर काही वर्षांनी लाइव्ह अल्बम काढतात आणि चाहत्याच्या खिशाला चाट बसते. मेडनच्या बाबतीत ही तक्रार मला मान्य आहे; तीच दहा-बारा गाणी किती वेळा विकत घ्यायची? घेऊ नका सगळे. पण निवडताना निकष हाच लावा की त्या दौऱ्यातलं असं काय आहे, जे आधीच्या अल्बमात नव्हतं. 'फ्लाइट 666'पुरतं माझं उत्तर मी दिलं आहे.

आपल्या देशातल्या लाइव्ह अल्बमांविषयी खूप बोलायचं होतं. इंडियन ओशनचा 'डेझर्ट रेन' 1 जानेवारी 1997 रोजी दिल्लीत, रंगकर्मी सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात मुद्रित झाला. नव्या बँडला स्टुडिओ सहजी मिळत नव्हता अशा काळात उघड्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण हीच त्याची ओळख कशी बनली, हा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. मराठीत गाणारे बँड आज आपले कार्यक्रम कसे जपून ठेवतात, त्यावरही... पण समोरचं घड्याळ थांबायला तयार नाही.

तेव्हा शेवटी एक विनंती. आज रात्री वेळ काढा आणि दोन्ही 'एसेस हाय' एकापाठोपाठ ऐका, आधी लाँग बीचचं, मग मुंबईचं. चर्चिलचं भाषण वगळू नका, गाणं संपल्यावरचा लोकांचा आवाजही कापू नका. मध्ये स्टुडिओची रेकॉर्ड लावू नका. आणि मग तुमचं मत बनवा. ते माझ्या विरुद्ध असलं तरी चालेल, पण ऐकून बनवलेलं असू द्या, आणि आम्हाला जरूर कळवा.