घरगुती व्हिनेगर : सुरुवातीला कोणती साधने घ्यावीत?



द्राक्षतोडणीत सुटलेले मणी आणि पावसाच्या तोंडावर पडणारा जांभळांचा सडा बहुधा वायाच जातो. यांतील निरोगी, बुरशी नसलेल्या फळांपासून चांगले व्हिनेगर होते. मात्र विषय निघाला की आधी मोठ्या यंत्रांच्या किमतींची चौकशी होते. माझे सांगणे असे की, सुरुवातीला दोन भांडी आणि तीन मापे घ्यावीत. यंत्रे मागाहून.

खरेदीपूर्वी कायदा पाहावा. व्हिनेगरच्या पहिल्या टप्प्यात मद्यार्क तयार होतो आणि १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही. म्हणून राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात लेखी विचारणा करावी. विक्रीसाठी अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी किंवा परवानाही लागतो.

दोन भांडी

पहिल्या टप्प्यात यीस्ट साखरेचा मद्यार्क करते. त्या वेळी बाहेरची हवा आत नको. दुसऱ्या टप्प्यात जिवाणू मद्यार्काचे अॅसेटिक आम्ल करतात. त्यांना हवा भरपूर हवी. म्हणून एकच भांडे दोन्ही कामांना चालत नाही.

पहिले भांडे अरुंद तोंडाचे घ्यावे. खाद्यपदार्थांसाठीचा २० लिटरचा प्लॅस्टिक कॅन चालेल. फेसासाठी पाव भाग रिकामा ठेवावा. झाकण घट्ट लावू नये. एक किलो साखरेपासून अडीचशे लिटरहून अधिक वायू निघतो, त्याने बंद भांडे फुटू शकते. बुचातून नळी काढून तिचे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवावे. वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही.

दुसरे भांडे रुंद तोंडाचे, काचेचे किंवा चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे असावे. ते निम्मेच भरावे आणि चिलटे जाऊ नयेत म्हणून तोंडाला स्वच्छ कापड बांधावे. तांबे, पितळ, लोखंड व अॅल्युमिनियम आम्लाने झिजतात आणि धातू व्हिनेगरमध्ये उतरतो. कल्हईवरही विसंबू नये. कीटकनाशकाचा कॅन कितीही धुतला तरी वापरू नये.

तीन मापे

पहिले माप हायड्रोमीटर. द्राक्ष बागायतदारांकडे गोडी पाहण्याचा रिफ्रॅक्टोमीटर असतो. ताज्या रसासाठी तो उत्तम, पण मद्यार्क तयार झाल्यावर त्याचे आकडे फसवे ठरतात. म्हणून हायड्रोमीटर वेगळा घ्यावा. १२ टक्के गोडीचा रस त्यावर सुमारे १.०४८ दाखवितो. आकडा १.००० च्या आसपास येऊन दोन-तीन दिवस स्थिर राहिला की पहिला टप्पा संपला असे समजावे. व्हिनेगरसाठी १० ते १२ टक्के गोडी पुरते. २० टक्के गोडीच्या द्राक्षरसात पाणी घालावे, नाहीतर मद्यार्क जास्त होऊन जिवाणूंचे काम मंदावते.

दुसरे माप तापमापक. दोन्ही टप्प्यांना २५ ते ३० अंश सेल्सियस तापमान मानवते. पाऱ्याचा तापमापक टाळावा, तो फुटल्यास सगळा माल टाकून द्यावा लागतो.

तिसरे माप म्हणजे आम्लता मोजण्याचा ब्युरेट व १ मि.लि. चा पिपेट. व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के अॅसेटिक आम्ल असावे लागते. जिभेला किंवा लिटमस कागदाला ही टक्केवारी कळत नाही. १ मि.लि. व्हिनेगर उकळून गार केलेल्या शुद्ध पाण्यात घालावे, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकावेत. मग फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड सोडावे. जितके मि.लि. लागले त्याला ०.६ ने गुणले की टक्केवारी मिळते. म्हणजे ६.२५ मि.लि. लागल्यास ३.७५ टक्के. जांभळाचा रस गडद असल्याने पाणी अधिक घ्यावे. हे द्रावण दाहक असते, ते मुलांच्या हाती लागू देऊ नये.

याखेरीज गाळण्याचे कापड, लांब ब्रश आणि सुरुवातीच्या विरजणासाठी न तापविलेले ताजे व्हिनेगर एवढे पुरे.

पहिला प्रयोग दहा लिटरचाच करावा आणि प्रत्येक खेपेची गोडी, तापमान, आम्लता वहीत लिहावी. लागोपाठ तीन खेपांत आम्लता हवी तेवढी आली आणि माल घेणारा गिऱ्हाईक मिळाला, तरच मोठ्या यंत्रात पैसे घालावेत. कर्ज काढून घेतलेले यंत्र हंगामभर रिकामे पडले, तरी त्याचे हप्ते थांबत नाहीत.