कांपणारा चौरंग आणि जीवनसत्त्वाची गोळी

व्यायामाचे श्रम यंत्रावर सोंपवावे, ही मनुष्याची इच्छा जुनी आहे. स्वीडनमधील डॉक्टर गुस्ताफ झांडर यांनीं १८६५ सालीं स्टॉकहोम येथें व्यायामयंत्रांची संस्था काढली. त्या यंत्रांत शरीरास कंप देणारीं यंत्रेंही होतीं. आजचें यंत्र म्हणजे कांपणारा चौरंग. त्यावर उभें राहिलें कीं स्नायू क्षणोक्षणीं ताणले जातात आणि आपोआप आकुंचन पावतात.

या कंपास पूरक आहाराची जोड दिल्यास बळ दुणावेल काय? बेल्जियममधील संस्थांत राहणाऱ्या, सत्तरी उलटलेल्या ११३ स्त्रियांवर सहा महिने हा प्रयोग झाला; त्याचें फलित २०११ सालीं प्रसिद्ध झालें. सर्वांना ड जीवनसत्त्व दिलें, कांहींना ८८० एकक, कांहींना १६००. शिवाय कांहींना कंपही. चारही गटांत स्नायूंची शक्ति व खुब्याच्या हाडाची घनता वाढली. परंतु कंपामुळें किंवा मोठ्या मात्रेमुळें अधिक भर पडली नाहीं. जीवनसत्त्व न घेणारा गटच नसल्यानें सारें श्रेय गोळीस देणेंही घाईचें ठरेल.

तेव्हां वृद्ध मातेसाठीं चौरंग विकत घेऊं पाहणाऱ्या मुलानें प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि झेपेल तितकें तिला रोज हात धरून चालवावें.