वीज वाहणारे प्लास्टिक आणि ताप



छाणीशेजारी जीएसएफसीत नायलॉनचा कच्चा माल, कॅप्रोलॅक्टम, तयार होतो. त्यामुळे पॉलिमर हा शब्द आपल्याला परका नाही. वायरीवरचे प्लास्टिक वीज अडवते, हेही सर्वांना ठाऊक आहे. पण वीज वाहून नेणारे प्लास्टिकही असते. त्याच्या शोधासाठी हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

त्यांतले पॉलिअ‍ॅनिलीन घेऊ. हायड्रोक्लोरिक आम्ल मुरलेले असताना ते हिरवे असते आणि वीज वाहते. तापवल्यावर तांब्याची वाहकता घटते. याची मात्र आधी वाढते, कारण उष्णतेमुळे विद्युतभाराला एका साखळीवरून दुसरीवर उडी मारणे सोपे जाते. पुढे १०० अंशांच्या आसपास आतले पाणी निघून जाते आणि वाहकता उतरते. दमट हवेत ठेवले की ती बरीचशी परत येते. आणखी तापवले की आम्लही उडू लागते, रंग निळसर होतो. पुन्हा आम्लात बुडवून हेही काही अंशी सुधारते. त्यापलीकडे मात्र शेजारच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या जोडल्या जातात. ते नुकसान भरून येत नाही. हायड्रोक्लोरिकऐवजी मोठ्या रेणूचे, सहज न उडणारे सल्फोनिक आम्ल वापरले, तर हा माल जास्त ताप सोसतो.

रसायन शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना एवढेच सांगेन: गरम असताना आलेल्या चांगल्या आकड्यावर खूश होऊ नका. नमुना थंड होऊ द्या आणि पुन्हा मोजा.

गणपती बाप्पा मोरया!