साहाय्य आणि स्वावलंबन

संकटात सापडलेल्या शेजाऱ्याला हात देणे हा मानवधर्म होय, याविषयी दुमत नाही. परंतु शेजारी उठून चालू लागल्यावरही तो हात सुटू नये, असे देणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला वाटू लागले की साहाय्याचे स्वरूप पालटते. राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारातही हेच घडते.

जानेवारी १९४९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी आपल्या भाषणात जगातील ‘अविकसित’ प्रदेशांना तांत्रिक साहाय्य देण्याचा संकल्प जाहीर केला. हेतू उदार होता. तथापि त्या एका विशेषणाने भिन्नभिन्न संस्कृतींचे लोक एकाच रांगेत, आणि तेही रांगेच्या शेवटी, उभे केले गेले. ज्याच्यापाशी द्रव्य त्याच्यापाशीच ज्ञान, हा समज तेव्हापासून अधिकच दृढ झाला.

या समजाची किंमत केनियातील तुर्काना सरोवराच्या काठी मोजावी लागली. तेथील तुर्काना लोक मुख्यतः पशुपालक. उंट, गाई, शेळ्या हेच त्यांचे धन आणि हीच त्यांची प्रतिष्ठा. मासेमारी त्यांना अगदीच अपरिचित नव्हती. परंतु जनावरे गमावलेल्या माणसाचा तो आधार समजला जाई. नॉर्वेने १९७० नंतरच्या दशकात तेथील मत्स्यव्यवसायास साहाय्य दिले आणि पुढे कालोकोल येथे मासे गोठविण्याचा कारखाना उभा राहिला. त्या रखरखीत प्रदेशात मासळी गोठवायची तर वीज आणि स्वच्छ पाणी यांचा खर्च मासळीच्या मोलास परवडेना. कारखाना अल्पावधीतच बंद पडला. पुढे सरोवराचे पाणी ओसरून फर्ग्युसन आखात कोरडे पडले. १९९० मध्ये केनियाने नॉर्वेशी राजनैतिक संबंध तोडले व ते साहाय्यही थांबले. सुकी मासळी मात्र पूर्वीप्रमाणे विकली जात राहिली, कारण तिला सूर्याखेरीज कोणाचेच अनुदान लागत नव्हते. योजना आखणारे दुष्ट नव्हते की अडाणी नव्हते. आपल्या देशात जे यशस्वी झाले ते येथेही होईल, हे त्यांनी गृहीत धरले, एवढेच.

भारताला परावलंबनाचा अनुभव निराळ्या रीतीने आला. अमेरिकेच्या १९५४ च्या ‘पब्लिक लॉ ४८०’ या कायद्याखाली १९५६ मध्ये करार झाला आणि गव्हाची जहाजे येऊ लागली. त्या गव्हाने असंख्य लोकांना जगविले, हे कृतज्ञतेने मान्य केलेच पाहिजे. परंतु स्वस्त धान्य बंदरात येत असताना शेतीकडे लक्ष देण्याची निकड मंदावते. १९६५ व १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला, तेव्हा अध्यक्ष जॉन्सन यांनी धान्य थोडेथोडे आणि देशाचे धोरण पाहून सोडण्यास आरंभ केला. पुढचे जहाज केव्हा येणार, याकडे डोळे लावून बसणे स्वतंत्र राष्ट्राच्या नशिबी आले.

यातून सुटकाही बाहेरच्या साहाय्यानेच झाली, हे विसरता कामा नये. पण ते साहाय्य वेगळ्या जातीचे होते. १९६६ मध्ये मेक्सिकोहून सुमारे १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले गेले. त्याचा दाणा तांबूस होता आणि पोळीला पिवळसर गहू पसंत करणाऱ्या येथील लोकांना तो रुचला नाही. भारतीय शास्त्रज्ञांनी लोकांच्या आवडीला मागासलेपण न मानता त्याच परदेशी सामग्रीतून ‘कल्याणसोना’ आणि ‘सोनालिका’ हे पिवळसर दाण्याचे वाण निवडले. धान्य खाल्ले की संपते. बियाणे मात्र घेणाऱ्याच्या मातीत, घेणाऱ्याच्या कष्टाने आणि त्याच्याच आवडीनुसार वाढते.

आज भारत स्वतः दात्यांच्या पंक्तीत बसला आहे. १९६४ मध्ये सुरू झालेल्या ‘आयटेक’ कार्यक्रमाद्वारे आशिया, आफ्रिका आणि अन्य खंडांतील अनेक देशांचे अधिकारी व तंत्रज्ञ येथे प्रशिक्षणासाठी येतात. कालचा याचक आजचा दाता झाला की त्याला कालच्या दात्याची भाषा फार लवकर अवगत होते. म्हणून आपल्या तज्ज्ञाने परदेशी पाऊल ठेवताना प्रथम विचारावयाचा प्रश्न, ‘यांना काय शिकवावे?’ हा नसून ‘यांना काय ठाऊक आहे?’ हा असावा. आणि साहाय्याचे यश मोजावयाचे, तर ते किती दिले यावरून नव्हे. आपण निघून आल्यानंतर तेथे काय चालू राहिले, यावरून मोजावे.