हुआ हिन : राजांचे समुद्रतीर

बँकॉकच्या दक्षिणेस सुमारे 200 किलोमीटरांवर असलेले हुआ हिन हे एके काळचे कोळ्यांचे गाव, लोहमार्ग येऊन पोहोचल्यावर, सयामच्या राजघराण्याच्या उन्हाळी मुक्कामाचे स्थान झाले. जवळच वजिरावुध राजाने शंभर वर्षांपूर्वी बांधविलेला सागवानी प्रासाद आहे. त्याचे नाव मृगदायवन, म्हणजे सारनाथच्या मृगवनाचेच नामांतर. त्याच्या असंख्य खांबांच्या पायथ्याशी, मुंग्या वर चढू नयेत म्हणून, पाण्याच्या पन्हळी कोरलेल्या आहेत; फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवणाऱ्या आपल्या आजीबाईंचीच ही तजवीज, फक्त राजेशाही दिमाखात!

सायंकाळी रात्रबाजारात निखाऱ्यांवर भाजलेली माकुळे लिंबू-मिरचीच्या झणझणीत रसाबरोबर मिळतात; परंतु मांसाहार वर्ज्य असणाऱ्याने मासळीचा अर्क बहुतेक भाज्यांतही घालतात हे ध्यानी ठेवून आधीच चौकशी करावी. नारळाच्या दुधात मुरलेला चिकट भात आणि त्यावर पिकल्या आंब्याच्या फोडी, हे मिष्टान्न मात्र कोकणच्या माणसासही परके वाटणार नाही.

पायी भटकण्याची हौस असणाऱ्यांनी दक्षिणेकडील खाओ साम रोई योत, अर्थात तीनशे शिखरांच्या अरण्यात, फ्राया नाखोन गुहेकडे जावे. तिचे छत कोसळल्यामुळे आत वृक्ष वाढले आहेत, आणि 1890 मध्ये चुलालोंगकोर्न राजासाठी उभारलेल्या चौमुखी मंडपावर सकाळी साडेदहाच्या सुमारास वरून सूर्यकिरणांचा झोत पडतो. चढण खडकाळ आहे; चपला घालून जाऊ नये, आणि पाणी बरोबर असावे.