पत आणि दरारा



आजच्या विषयाचे नाव वाचून काहींना नवल वाटले असेल. स्वीडिश सहकाऱ्यांमध्ये एखाद्या अधिकाऱ्याने आपले नाव कसे कमवावे, या प्रश्नाशी अमरावती-अकोल्याच्या उन्हाचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. पुण्याजवळ दापोडी आणि चिंचवड या भागात स्वीडिश कंपन्यांचे कारखाने साठ वर्षांहून अधिक काळ चालू आहेत. अल्फा लाव्हालचा भारतातील कारभार तर १९३७ पासूनचा. वऱ्हाडातून शिकून बाहेर पडलेली मुले-मुली पुण्याच्या वाटेने अशा ठिकाणी जातात, कोणी पुढे स्टॉकहोमपर्यंतही पोहोचतात. ती हुशार असतात, कष्टाळू असतात. तरीही काहींची वाढ मध्येच खुंटते, आणि का खुंटली हे त्यांना कोणी सांगत नाही. म्हणून हा विषय आम्ही घेतला.

आपल्याकडे मोठेपणाचे दोन प्रकार आहेत. एक कचेरीचा आणि दुसरा बाजाराचा. कचेरीत दरारा चालतो. साहेब आले की माणसे उभी राहतात, साहेब बोलले की माना हलतात. कापसाच्या बाजारात मात्र पत चालते. अडत्याची गादी केवढी आहे हे शेतकरी पाहत नाही. बोललेला भाव त्याने पाळला काय, माप खरे दिले काय, ठरल्या दिवशी चुकारा केला काय, एवढेच तो पाहतो. मापाचा विश्वास उडाला की बाजार मोडतो. वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजाराचा कायदा १८९७ साली झाला. त्यामागे इंग्रजांच्या गिरण्यांचा स्वार्थ होता हे खरे; पण भरवसा नसेल तर व्यापार नाही, हे सत्य त्यातही होतेच.

आमचे सारे म्हणणे एका वाक्यात सांगावयाचे तर ते असे: स्वीडिश लोकांत पत चालते, दरारा चालत नाही.

हे तेथेही नेहमीच असे नव्हते. पूर्वी स्वीडनमध्ये माणसाला त्याच्या हुद्द्याने हाक मारीत. १९६७ साली ब्रोर रेक्सेद हे तेथील सरकारी वैद्यक खात्याचे प्रमुख झाले आणि आपण सर्वांना ‘तू’ म्हणणार, असे त्यांनी जाहीर केले. हवा आधीच बदलत होती. पुढे काही वर्षांत देशभर हीच रीत रूढ झाली. १९७६ च्या कायद्याने तर मालकाला कामात मोठा बदल करण्यापूर्वी कामगार संघटनेशी बोलणी करणे बंधनकारक केले. आधी सर्वांशी बोलायचे, मग ठरवायचे आणि एकदा ठरले की मोडायचे नाही, असा हा शिरस्ता आहे.

आता आपला माणूस या बैठकीत बसतो. वरिष्ठ विचारतो, ‘तुला काय वाटते?’ आपला माणूस म्हणतो, ‘तुम्ही म्हणाल तसे.’ त्याच्या समजुतीने हा आदर झाला. समोरच्याच्या मनात मात्र नोंद होते की, याला मत नाही, किंवा असूनही तो सांगत नाही. पुढे बैठक संपते. कोणी हुकूम देत नाही, कारण कामे बोलण्यातच वाटली गेलेली असतात. आपला माणूस हुकमाची वाट पाहत बसतो. आठ दिवसांनी कोणी विचारले की त्याच्या तोंडून निघते, ‘होऊन जाईल.’ बंधुभगिनींनो, या दोन शब्दांनी आपल्या माणसांची जेवढी पत घालवली, तेवढी अज्ञानानेही घालवली नसेल. ‘शुक्रवारी होणार नाही, मंगळवारी देतो’ असे सोमवारीच सांगणारा तेथे विश्वासाचा ठरतो. वाईट बातमी लवकर सांगणे, हेच तेथले खरे माप.

दुसरी गोष्ट श्रेयाची. आम्ही केले म्हणावे, मी केले म्हणू नये, अशी तेथील चाल आहे. त्यात एक अडचण आहे, ती आम्ही लपवीत नाही. मुकाट्याने केलेले काम परक्या माणसाच्या बाबतीत सहज नजरेआड होते. ‘तू’ म्हणणारा वरिष्ठही शेवटी वरिष्ठच असतो. बढती त्याच्याच हाती असते. कॉफीच्या वेळी मंडळी आपसांत स्वीडिश बोलू लागली की आपला माणूस एकटा पडतो. यावर उपाय फुशारकीचा नाही. काय ठरले, कोणी काय घेतले, केव्हा झाले, हे दोन ओळींत लिहून सर्वांकडे पाठवावे. त्यात इतरांची नावे मोकळ्या मनाने घालावीत. कॉफीचा पेला चुकवू नये, आणि तेथे राहायचे असेल तर त्यांची भाषा शिकावी.

हे साधते काय? लीला पूनावाला यांचे उदाहरण पाहा. १९४४ साली सिंधमधील हैदराबादेत जन्म, फाळणीनंतर निर्वासित म्हणून पुण्यात. रेक्सेद यांनी ‘तू’ म्हटले त्याच १९६७ साली त्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून यंत्र अभियांत्रिकीच्या पदवीधर झाल्या. कारखान्यात बाई अभियंता, ही कल्पनाच तेव्हा लोकांना पचत नव्हती. दराऱ्याची वाट त्यांना मोकळी नव्हतीच. राहिली पतीची वाट, म्हणजे कामाने मिळणाऱ्या पतीची. त्या अल्फा लाव्हालच्या भारतातील प्रमुख झाल्या. १९८९ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि स्वीडनच्या राजानेही त्यांचा सन्मान केला. १९९५ साली त्यांनी मुलींच्या व्यावसायिक शिक्षणासाठी संस्था काढली. तिच्या शिष्यवृत्त्या आज अमरावती आणि वर्ध्याच्या मुलींनाही मिळतात. एकाने मिळवलेली पत अशी दुसऱ्याच्या उपयोगी पडते. दरारा मात्र खुर्चीबरोबर संपतो.

अमरावतीला ही गोष्ट अगदी परकी नाही. १९४९ साली येथील हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक स्टॉकहोमच्या लिंगियाड मेळाव्याला गेले होते. त्या मैदानावर हुद्दा दाखवून भागणारे नव्हते. अंगातली कसरतच दाखवावी लागत होती.

तेव्हा या मुलांची तयारी पुण्याला गेल्यावर सुरू करून चालणार नाही. ती आपल्या घरी आणि आपल्या वर्गात सुरू झाली पाहिजे. ‘बाबा, मला हे पटत नाही’ असे मुलगी म्हणाली, तर तो उर्मटपणा समजू नका, कारण विचारा. ‘सर, हे मला आले नाही’ असे विद्यार्थी म्हणाला, तर त्याला हसू नका. घरी ज्याला खरे बोलायची मुभा नाही, तो परक्या बैठकीत एकाएकी खरे बोलू लागेल, ही आशा व्यर्थ आहे.