यंत्र कुणाचे, आज्ञा कुणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

यंत्राशी समाजवादी चळवळीचा वाद जुना आहे. १९५२ च्या पंचमढी अधिवेशनात डॉ. राममनोहर लोहिया यांनी लहान एककाच्या यंत्राचा पुरस्कार केला, त्यामागे एक साधा विचार होता. जे यंत्र माणसाच्या आवाक्यात राहते, त्यावर माणसाची सत्ता चालते. जे आवाक्याबाहेर जाते, ते माणसावर सत्ता चालवते. पुढे संगणक आला तेव्हा हा वाद नव्या स्वरूपात उभा राहिला. आयुर्विमा महामंडळातील कर्मचाऱ्यांनी संगणकाला विरोध केला. स्वयंचलनाच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. १९८३ मध्ये बँक कर्मचारी संघटना व व्यवस्थापन यांच्यात यंत्रीकरणाबाबत करार झाला. या साऱ्या लढ्यांत विचारला गेलेला प्रश्न रास्तच होता: या यंत्रामुळे किती हातांचे काम जाईल? परंतु त्याच्या शेजारचा दुसरा प्रश्न बहुधा विचारलाच गेला नाही: हे यंत्र ज्या आज्ञांवर चालते, त्या आज्ञांचा मालक कोण?

आज हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा झाला आहे. शिधापत्रिका, निवृत्तिवेतन, मजुरीची हजेरी, जमिनीचा उतारा, विद्यार्थ्याचा प्रवेश, या साऱ्यांच्या वाटेत कुठे ना कुठे सॉफ्टवेअर, म्हणजे संगणकाची आज्ञावली, बसलेली असते. मराठीतला हा शब्द अन्वर्थक आहे. ती खरोखरच आज्ञांची ओळ आहे, आणि आज्ञा म्हटली की ती देणारा व पाळणारा असे दोन पक्ष आलेच.

मालकीचा हा प्रश्न भारतात एकदा थेट राजकारणात आला होता. आयबीएम ही अमेरिकी कंपनी पाश्चात्त्य देशांत कालबाह्य होत चाललेली १४०१ जातीची यंत्रे भारतात भाड्याने देत असे. यंत्र कचेरीत असे, परंतु मालकी कंपनीकडेच राहत असे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार तिने आपले भागभांडवल ४० टक्क्यांवर आणावे, असा आग्रह जनता सरकारने धरला. उद्योगमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस. कंपनीने नकार दिला आणि १९७८ मध्ये ती देश सोडून गेली. तेव्हा अनेकांना वाटले होते, की आता देशातले संगणक बंद पडतील. ते बंद पडले नाहीत. त्यांच्या देखभालीचे काम कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने पेलले, आणि भारतीय तंत्रज्ञ परक्या यंत्राचे पोट उघडून ते समजून घेऊ लागले. हीच सार्वजनिक कंपनी २००१ मध्ये निर्गुंतवणुकीच्या धोरणाखाली टाटा समूहाकडे गेली, हा त्या कथेचा उत्तरार्ध आहे.

यंत्राचे पोट उघडता येते. आज्ञावलीचे मात्र तसे नाही. आज्ञावली प्रथम माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिली जाते. तिला मूळ संहिता म्हणतात. नंतर तिचे यंत्रालाच कळेल अशा अंकांत रूपांतर होते. ग्राहकाच्या हाती येतात ते हे अंक. संहिता कंपनीच्या तिजोरीत राहते. पूर्वी असे नव्हते. १९६९ पर्यंत आयबीएम आज्ञावल्यांची वेगळी किंमत लावत नसे. त्या यंत्राबरोबरच मिळत. त्या वर्षी कंपनीने त्यांना स्वतंत्र विक्रीची वस्तू ठरवले. १९७६ मध्ये तरुण बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना एक खुले पत्र लिहिले आणि परस्परांना प्रती वाटण्याच्या त्यांच्या प्रथेला चोरी ठरवले. शेजाऱ्याला देण्याची रीत गुन्हा होण्याचा आरंभ तेथून झाला.

पुढचे काम कायद्याने केले. भारताने १९८४ मध्ये १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती करून आज्ञावलीला साहित्यकृतीचा दर्जा दिला. म्हणजे कादंबरीला जे संरक्षण, ते आज्ञावलीला: लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे. दहा वर्षांत जुनी होणाऱ्या वस्तूला दोन पिढ्यांचे कुंपण! १९९४ च्या दुरुस्तीने तर बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यालाही तुरुंगवासाची तरतूद आली. मात्र याच कायद्यात १९९९ मध्ये वापरणाऱ्याला आज्ञावलीचे कार्य निरखण्याचा, अभ्यासण्याचा व तपासण्याचा मर्यादित हक्कही दिला गेला. तो कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावा असा आहे.

कायद्याच्या वर आणखी एक थर असतो, तो परवान्याचा. आज्ञावली विकत घेतली असे ग्राहकाला वाटते. वस्तुतः त्याला मिळतो तो वापराचा परवाना, आणि त्याच्या अटी विक्रेत्याने एकट्याने लिहिलेल्या असतात. घासाघीस नाही, दुरुस्ती नाही. 'मान्य आहे' या कळीवर बोट ठेवले की करार पुरा. कुळाने कोऱ्या कागदावर अंगठा द्यावा, तसा हा प्रकार आहे. त्याचे परिणामही कुळासारखेच होतात. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपी या आज्ञावलीची देखभाल थांबवली. देशातील कित्येक एटीएम यंत्रे तिच्यावर चालत होती. अखेरीस रिझर्व्ह बँकेला जून २०१८ मध्ये आदेश काढून, जून २०१९ पर्यंत ती काढून टाका, असे बँकांना सांगावे लागले. आज्ञावली मोडली नव्हती. मालकाने हात काढून घेतला होता. आणि मूळ संहिता दुसऱ्या कुणापाशी नसल्यामुळे तिची दुरुस्ती दुसरा कुणी करू शकत नव्हता.

या व्यवस्थेला पहिले संघटित उत्तर अमेरिकेतच मिळाले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये जीएनयू या मुक्त आज्ञावलीच्या प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ मध्ये तिचा सर्वसाधारण सार्वजनिक परवाना, म्हणजेच जीपीएल, प्रसिद्ध झाला. त्यातील कल्पना समजून घेण्याजोगी आहे. आज्ञावली हव्या त्या कामासाठी वापरा, तिची संहिता वाचा आणि बदला, तिच्या प्रती वाटा, बदललेली आवृत्तीही वाटा. या चार स्वातंत्र्यांवर एकच बंधन आहे: जो ती पुढे देईल, त्याने हीच स्वातंत्र्ये पुढच्यालाही दिली पाहिजेत, संहितेसह. गावच्या गायरानात कुणीही गुरे चारावीत, परंतु कुणी कुंपण घालू नये, असा हा नियम आहे. विशेष असे, की हा नियम प्रताधिकाराच्या कायद्यावरच उभा आहे. मालकीच्या रक्षणासाठी घडवलेल्या कायद्याचा उपयोग सामायिक मालकीच्या रक्षणासाठी केला गेला. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा संगणकाचा गाभा लिहिला, पुढच्याच वर्षी तो या परवान्याखाली आणला, आणि देशोदेशींच्या हजारो हातांनी तो वाढवला. मक्तेदारीवाचून मोठे काम होत नाही, या सिद्धान्ताला इतके ठोस उत्तर क्वचितच मिळाले असेल.

प्रताधिकाराने संहितेच्या शब्दांवर मालकी मिळते. पेटंटने त्यामागच्या युक्तीवर मिळते, आणि म्हणून ते अधिक घातक असते. दुसऱ्याची एक ओळही न पाहता स्वतंत्रपणे लिहिलेली आज्ञावलीसुद्धा पेटंटच्या कचाट्यात सापडू शकते. न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या अहवालाच्या पायावर उभ्या राहिलेल्या १९७० च्या पेटंट कायद्यात २००२ मध्ये दुरुस्ती होऊन, गणिती वा व्यापारी पद्धती, गणनविधी आणि निव्वळ संगणक-आज्ञावली यांना पेटंट मिळणार नाही, असे कलम ३ (के) मध्ये नोंदले गेले. परंतु डिसेंबर २००४ च्या अखेरीस केंद्र सरकारने काढलेल्या वटहुकमात या कलमाला एक चोरवाट ठेवली गेली: उद्योगातील तांत्रिक उपयोग किंवा यंत्रसामग्रीशी जोड असेल, तर आज्ञावलीला पेटंट द्यावे. औषधांच्या किमतीच्या प्रश्नावर त्या वटहुकमाविरुद्ध देशभर आवाज उठला. त्या कोलाहलात ही चोरवाट सहज निसटून गेली असती. ती निसटली नाही, याचे श्रेय मुक्त आज्ञावलीच्या कार्यकर्त्यांना आणि सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या डाव्या पक्षांना आहे. मार्च २००५ मध्ये संसदेने कायदा मंजूर केला तेव्हा ती तरतूद वगळलेली होती. त्याच वर्षी ६ जुलै रोजी युरोपीय संसदेनेही आज्ञावली-पेटंटांना वाट देणारा मसुदा ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला.

तरी विजय कायमचे नसतात. पेटंट कार्यालयाची मार्गदर्शक तत्त्वे २०१५, २०१६ आणि २०१७ मध्ये अशी लागोपाठ बदलत गेली. २०१६ मध्ये घातलेली नवीन यंत्रसामग्रीची कडक अट २०१७ मध्ये काढून टाकण्यात आली. 'निव्वळ' या एका शब्दाचा अर्थ लावण्यावर आता सारी लढाई येऊन ठेपली आहे. संसदेने दारातून घालवलेली गोष्ट कचेरीच्या खिडकीतून परत येऊ शकते. लोकप्रतिनिधींनी डोळ्यांत तेल घालून पाहावे असे हे क्षेत्र आहे.

येथे एक आक्षेप येतो. पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे लाखो तरुण आज्ञावली लिहून पोट भरतात. मालकी सैल केली तर त्यांनी खावे काय? आक्षेप प्रामाणिक आहे, परंतु त्यात गृहीत धरलेली गोष्ट खरी नाही. नोकरीत लिहिलेल्या आज्ञावलीचा पहिला मालक प्रताधिकार कायद्याच्या कलम १७ नुसार सामान्यतः मालक-कंपनीच असते. परवान्याचे शुल्क लिहिणाऱ्याच्या घरी येत नाही; त्याला पगार मिळतो, तो श्रमाचा. ते श्रम मुक्त आज्ञावलीलाही लागतातच: ती बसवणे, बदलणे, सांभाळणे, शिकवणे. विणकराच्या पोटासाठी नक्षीवर गिरणीमालकाची मक्तेदारी लागत नाही.

दुसरा आक्षेप डावीकडून येतो आणि तो अधिक बोचरा आहे. मुक्त आज्ञावलीने भांडवलशाहीचे काय बिघडले? आयबीएमने २०१९ मध्ये रेड हॅट ही लिनक्सवर उभी राहिलेली कंपनी सुमारे ३,४०० कोटी डॉलरला विकत घेतली. गूगलची अँड्रॉइड प्रणाली लिनक्सच्याच गाभ्यावर चालते. स्वयंसेवकांनी मोबदल्यावाचून केलेल्या कामावर महाकाय कंपन्या नफा कमावतात. आज्ञावली कंपनीच्या दूरच्या यंत्रावर चालत असेल, तर जीपीएलची संहिता देण्याची अटही तिला सहसा लागू होत नाही, कारण प्रत कुणाच्या हाती दिलेलीच नसते. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. परवाना हे साधन आहे. ते समाजवाद आणणार नाही. सहकारी कायद्याने साखर कारखाना निघतो, परंतु त्यातली सत्ता ऊसतोड कामगाराकडे आपोआप जात नाही, हे महाराष्ट्राला सांगावयास नको. गायरान राखले म्हणजे गाव समतेचे होत नाही. पण गायरान गेले की भूमिहीनाची शेळीही जाते.

मित्रहो, सर्वांत निकडीचा भाग शासनाचा आहे. रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राने देशाला दिली. त्याच रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाइलवरील आज्ञावलीतून हजेरी घेण्याची सक्ती झाली. दिवसातून दोनदा मजुरांचे छायाचित्र चढवायचे. जाळे मिळाले नाही, छायाचित्र चढले नाही, तर राबलेल्या मजुराची हजेरी नाही आणि मजुरीही नाही. पूर्वी मुकादमाशी भांडता येत असे. आज्ञावलीशी कुणी भांडावे? करोनाच्या काळात, २ एप्रिल २०२० रोजी, आरोग्य सेतू आली, आणि १ मेच्या आदेशाने ती खासगी व सरकारी कर्मचाऱ्यांना सक्तीची झाली. तिची संहिता मात्र तेव्हा बंद होती. जाणकारांनी मागणी लावून धरली तेव्हा २६ मे रोजी अँड्रॉइडवरील आवृत्तीची संहिता खुली झाली. मागितल्यावाचून काही मिळत नाही, आणि मागितल्यास मिळते, असे दोन्ही धडे यात आहेत.

कायदा राजपत्रात प्रसिद्ध झाल्यावाचून नागरिकावर बंधनकारक होत नाही. मग ज्या आज्ञावलीने नागरिकाचा हक्क ठरतो वा नाकारला जातो, ती कुणाला वाचता येऊ नये, हे लोकशाहीच्या कोणत्या तत्त्वात बसते? २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात व्यापारी गुपिताचा अपवाद आहे. सार्वजनिक पैशाने बनलेल्या, सार्वजनिक हक्क ठरवणाऱ्या आज्ञावलीला तो लागू असू नये, ही मागणी पक्षाने आग्रहाने मांडली पाहिजे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोताला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले आहे. ते कागदावरून कचेरीत उतरवणे हे काम उरते.

हे होऊ शकते, हे केरळने दाखवले. तेथील सरकारी शाळांनी संगणक-शिक्षण मुक्त आज्ञावलीवर आणले, शिक्षकांना त्यात तयार केले आणि शाळांसाठी लिनक्सची स्वतःची आवृत्ती बनवली. स्वयंसेवकांच्या गटांनी मल्याळम लिपीचे मुक्त टंक घडवले. महाराष्ट्रात सरकारी नोकरीसाठी लागणाऱ्या संगणक-अभ्यासक्रमातून लक्षावधी तरुण गेले, परंतु त्यांना संगणक म्हणजे प्रामुख्याने एकाच परकी कंपनीच्या आज्ञावल्या, असेच शिकवले गेले. मराठीचेही तेच झाले. देवनागरीसाठी युनिकोडचे संकेत १९९१ पासून उपलब्ध असताना मराठी मुद्रणव्यवसाय कित्येक वर्षे खासगी टंकांच्या परस्परविसंगत संकेतांत अडकून राहिला. एका टंकात जुळवलेले पुस्तक दुसऱ्यात उघडले, की अक्षरांचा खिचडा. तो मजकूर मराठी असूनही तो वाचण्याची किल्ली विक्रेत्याकडे. मुंबईत घडलेला 'मुक्त' हा खुल्या परवान्याचा टंक पाहिला, म्हणजे ही किल्ली समाजाच्या हाती येऊ शकते, याची खात्री पटते.

कार्यकर्त्यांसाठी कामे स्पष्ट आहेत. जेथे आज्ञावलीने मजुरी वा शिधा नाकारला जातो, तेथे लेखी कारण आणि कागदी पर्याय मागावा. कामगार संघटनांनी यंत्रीकरणाच्या करारात नोकऱ्यांच्या कलमाबरोबर संहिता तपासण्याचे कलमही घालावे. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद व शाळा यांच्या खरेदीत मुक्त पर्याय का नाकारला, हे विचारावे. आणि पक्षाच्या कार्यालयातील संगणक, पक्षाचे मुद्रित साहित्य यांपासून आरंभ करावा; जे स्वतःच्या टेबलावर होत नाही, ते मंत्रालयात होणार नाही.

जमीन कसणाऱ्याची, असे या चळवळीने सांगितले, तेव्हाही मालकीचे कागद दुसऱ्याच्याच नावावर होते. कागद बदलावे लागले, त्यासाठी कायदे करावे लागले, आणि कायद्यांसाठी माणसे उभी राहावी लागली. आज्ञावलीचे कागदही तसेच बदलावे लागतील.